‘स्पेशल’ मोटार आणि मूळपणाचा प्रश्न

१

मोटारीच्या इतिहासावरील बहुतेक ग्रंथ कारखान्यांच्या नावांनुसार रचलेले असतात. एखादा नमुना कोणत्या वर्षी निघाला, त्याच्या किती गाड्या विकल्या गेल्या आणि तो केव्हा बंद झाला, या क्रमाने हकीकत सांगितली जाते. गाडी कारखान्याच्या दारातून बाहेर पडली की तिचा इतिहास संपला, असे या रचनेत गृहीत धरलेले असते. वस्तुतः अनेक गाड्यांच्या बाबतीत त्यांचा खरा इतिहास तेथून पुढे सुरू होतो. दोन महायुद्धांच्या दरम्यान आणि विशेषतः दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पंधरा वर्षांत, इंग्लंडमध्ये मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग जमवून त्यांतून शर्यतीस योग्य अशा हलक्या मोटारी घडविण्याचा उद्योग मोठ्या प्रमाणावर चालू होता. अशा गाडीला तेथे ‘स्पेशल’ म्हणत. मूळचे हे विशेषण. ते नाम झाले ते या गाड्यांमुळे. सांगाडा एका गाडीचा, इंजिन दुसरीचे, चाके तिसरीची आणि वरचे अंग घडविणाऱ्याने स्वतः ठोकूनठाकून केलेले, असा हा प्रकार होता. आपल्याकडील गोधडीची येथे आठवण व्हावी. मात्र गोधडीतील चिंध्या एकमेकींवर भार टाकीत नाहीत, मोटारीचे भाग टाकतात.

प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे, यंत्रविद्येचा नव्हे. तथापि या विषयाचा विचार आपल्या विभागाच्या पत्रिकेत करण्यास एक कारण आहे. ‘स्पेशल’ गाडीच्या संदर्भात जो प्रश्न पुनःपुन्हा उपस्थित झाला, तो म्हणजे मूळ कशाला म्हणावे आणि नंतरच्या फेरबदलांचे काय करावे, हा. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका नाही. या प्रश्नाची जी उत्तरे कारागिरांनी, न्यायालयाने आणि सरकारी खात्याने दिली, ती तपासून पाहण्यासारखी आहेत.

२

या हकीकतीच्या केंद्रस्थानी एक लहानशी गाडी आहे. हर्बर्ट ऑस्टिन यांनी स्टॅन्ले एज या अठरा वर्षांच्या आरेखकाच्या साहाय्याने आपल्या राहत्या घरी जिचे आराखडे तयार केले, ती ‘ऑस्टिन सेव्हन’ १९२२ मध्ये बाजारात आली. १९३९ पर्यंत या गाडीच्या सुमारे २ लक्ष ९० हजार प्रती निघाल्या. अर्थातच १९४५ नंतर इंग्लंडमधील प्रत्येक गावाच्या भंगारवाड्यात ती आढळे आणि अत्यल्प किंमतीस मिळे.

परंतु केवळ स्वस्तपणा हे तिच्या लोकप्रियतेचे कारण नव्हे. तिची रचना उघड होती. तिचा सांगाडा रोमन लिपीतील पहिल्या अक्षराच्या आकृतीचा होता. पुढे निमुळत्या टोकाशी एक आडवा पाटा बसविलेला असून त्यावर पुढची आस तोललेली असे. मागे दोन्ही बाजूंस अर्धवट लांबीचे पाटे सांगाड्याच्या टोकांतून बाहेर आलेले असत. वरचे अंग उचलून बाजूला केले तरी खालची गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राही व चालेही. चार सिलिंडरांचे, ७४७ घन सेंटिमीटरचे इंजिन दोन माणसे हातांनी उचलू शकत. ज्याला यंत्रशाळेचे शिक्षण नाही त्यालाही ही गाडी पाहता पाहता समजत असे. भाषेचे व्याकरण शिकविताना आपण प्रारंभी सोपे व नियमित वाक्य घेतो, तसे ऑस्टिन सेव्हनचे स्थान होते.

तिचे दोषही तितकेच उघड होते. सांगाडा खालून उघड्या पन्हळीसारखा असल्याने वळणावर पिळवटे. इंजिनातील मुख्य दांडा दोनच आधारांवर फिरत असे (तिसरा आधार १९३६ नंतर आला). गती वाढविली की तो मध्यभागी वाकू लागे आणि पुढे मोडे. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांना मिश्रण आत घेण्यासाठी एकच वाट होती, त्यामुळे एक सिलिंडर दुसऱ्याच्या वाट्याचे ओढून घेई. पुढची अखंड आस खड्ड्यात गेली की दोन्ही चाके एकदम कलत. या प्रत्येक दोषावर ‘स्पेशल’ करणाऱ्यांनी उपाय शोधले आणि त्या उपायांतूनच या विद्येची परंपरा निर्माण झाली.

३

ती परंपरा समजण्यासाठी काळाची परिस्थिती लक्षात घेतली पाहिजे. युद्धोत्तर इंग्लंडमध्ये कारखान्यांतून निघणाऱ्या बहुतेक नव्या गाड्या परकीय चलनासाठी परदेशी पाठविल्या जात. ज्या देशात राहत, त्यांच्यावर जबर खरेदीकर असे व त्यांसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. पेट्रोलवरील नियंत्रण १९५० पर्यंत चालू होते. दुसऱ्या बाजूस विमानदलातून आणि विमानांच्या कारखान्यांतून परतलेले, पत्रा वाकविण्याचे व सांधे जोडण्याचे शिक्षण मिळालेले शेकडो तरुण होते. आणि युद्धसामग्रीच्या विक्रीतून ॲल्युमिनियमचा पत्रा व निरनिराळी मापकयंत्रे स्वस्तात मिळत होती. ज्ञान विपुल, साहित्य टाकाऊ आणि नवी वस्तू दुर्लभ, अशा स्थितीतून ‘स्पेशल’चा उदय झाला.

गाडी घडविण्याचा क्रम साधारणपणे पुढीलप्रमाणे असे. प्रथम सांगाडा नागडा करून खरवडून काढावयाचा आणि त्याची उघडी बाजू पोलादी पट्ट्या सांधून बंद करावयाची, म्हणजे पन्हळीची पेटी होऊन पीळ कमी होई. पाटे सपाट करून गाडी जमिनीलगत आणावयाची. इंजिनाचे झाकण रंधून आतील जागा कमी करावयाची, म्हणजे दाब वाढून शक्ती वाढे. परंतु ती किती वाढवावी याला दोन आधारांवरच्या त्या दांड्याची मर्यादा असे. पुढची आस मध्यभागी कापून दोन्ही अर्ध्या भागांना बिजागरीसारखे टांगण्याची युक्ती लेस्ली बॅलमी यांनी रूढ केली. तिच्यामुळे एका चाकाचा हिसका दुसऱ्यास लागत नसे. शेवटी, बसणाऱ्याचे शरीर, पेट्रोलची टाकी आणि इंजिन यांची वजने कोठे पडतात ते पाहून वरचे अंग बेतावयाचे.

यातील प्रत्येक पायरीवर एक बंधन आहे. कारखान्यातील आरेखक कोऱ्या कागदावर हवा तो भाग काढतो. ‘स्पेशल’ करणाऱ्यास जो भाग हाती आला त्याच्यापासून आरंभ करावा लागतो. तो भाग मुळात कोणत्या कामासाठी केला होता, त्याच्यात किती ताकद शिल्लक आहे, आणि नव्या जागी त्याच्यावर कोणता भार पडेल, याचा विचार केल्यावाचून तो वापरता येत नाही. म्हणून मोडीतून गाडी बांधणे हे एक प्रकारचे वाचन आहे, असे म्हणावयास हरकत नाही. अलीकडे ज्यास सरसकट ‘जुगाड’ म्हणतात, त्याहून हे निराळे आहे. जुगाडात आजची अडचण भागली की काम संपते. येथे वेगाची परीक्षा पुढे उभी असे आणि चुकीचे वाचन शर्यतीच्या पहिल्याच वळणावर उघडकीस येई.

हे वाचन एकट्याचेही नव्हते. १९३९ मध्ये स्थापन झालेल्या ‘७५० मोटर क्लब’ने युद्धानंतर ऑस्टिन सेव्हनच्या भागांवर आधारलेल्या गाड्यांसाठी शर्यतींचा एक स्वतंत्र वर्ग आखला. क्लबच्या बैठकींत व पत्रिकेत सदस्य आपले उपाय, मापे व अपयशेही एकमेकांस कळवीत. आधारभूत भाग सर्वांचे एकच असल्याने फरक पडे तो विचारात. स्पर्धेचे क्षेत्र आणि अभ्यासमंडळ यांचा असा संयोग क्वचितच आढळतो.

४

या शाळेतून कोण बाहेर पडले, हे पाहिले म्हणजे तिचे महत्त्व ध्यानी येते.

कॉलिन चॅपमन (जन्म १९२८) हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये स्थापत्य अभियांत्रिकी शिकत असताना जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करीत. १९४७ च्या अखेरीस खाजगी वापरासाठीचे पेट्रोल बंद झाले, बाजार बसला आणि एक जुनी ऑस्टिन सेव्हन विकल्यावाचून त्यांच्याकडे राहिली. उत्तर लंडनमधील आपल्या भावी पत्नीच्या घरामागील गॅरेजमध्ये त्यांनी तिचे अंग काढून टाकले आणि प्लायवुडला धातूचा पातळ पत्रा चिकटविलेल्या फळ्यांचे नवे अंग बांधले. विमानबांधणीत वापरल्या जाणाऱ्या या फळ्या त्यांनी अशा रीतीने जोडल्या की त्या केवळ आच्छादन न राहता भार वाहू लागल्या व दुबळ्या सांगाड्यास आधार मिळाला. १९४८ मधील ही गाडी ‘लोटस’ मालिकेतील पहिली होय. १९५१ मधील तिसऱ्या गाडीत त्यांनी दोन सिलिंडरांच्या त्या सामाईक वाटेत पडदा घालून ती दुभंगली. सर्वांच्या हाती असलेल्या इंजिनातून इतरांना न मिळालेली शक्ती त्यांनी मिळविली. या युक्तीचा प्रभाव एवढा पडला की क्लबला पुढे तिच्यावर बंदी घालावी लागली. १९५२ मध्ये त्यांनी पातळ नळ्यांचा, सुमारे २५ किलोग्रॅम वजनाचा सांगाडा तयार करून ‘मार्क सहा’ ही गाडी सुट्या भागांच्या स्वरूपात विकण्यास प्रारंभ केला. इंजिन व आस ग्राहकाने जुन्या फोर्ड गाडीतून काढून बसवावयाची. पूर्ण तयार गाडीवरील खरेदीकर सुट्या भागांच्या गाडीस लागू नसे, हेही तिच्या खपाचे एक कारण होते. १९५७ ची ‘लोटस सेव्हन’ याच वाटेवरील पुढची पायरी. १९६२ मध्ये चॅपमन यांनी शर्यतीच्या गाडीचा सांगाडाच काढून टाकून पत्र्याच्या पेटीला सर्व भार वाहावयास लावला. १९४८ च्या प्लायवुडमध्ये या कल्पनेचे बीज होते, असे अनुमान काढणे वावगे होणार नाही.

दुसरे उदाहरण चार्ल्स व जॉन कूपर या पितापुत्रांचे. १९४६ मध्ये सर्बिटन येथे त्यांनी दोन लहान फियाट गाड्यांचे पुढचे अर्धे भाग घेऊन ते पाठीला पाठ लावून सांधले. त्या फियाटच्या पुढच्या चाकांना स्वतंत्र टांगणी होती. त्यामुळे चारही चाकांना ती आपोआप मिळाली. इंजिन मोटारसायकलचे, ५०० घन सेंटिमीटरचे. मोटारसायकलमध्ये चाक साखळीने फिरते आणि साखळी लांबवर नेणे अडचणीचे असते. म्हणून इंजिन चालकाच्या मागे, मागील आसेजवळ ठेवणे सोयीचे ठरले. हाती आलेल्या भागांनी सुचविलेली ही मांडणी होती. पुढे १९५९ व १९६० मध्ये जॅक ब्रॅबम यांनी इंजिन मागे असलेल्या कूपर गाड्यांतून जागतिक विजेतेपद मिळविले आणि दोनतीन वर्षांत त्या विजेतेपदाच्या शर्यतींतून पुढच्या इंजिनाची मोटार नाहीशी झाली.

न्यूझीलंडमधील ब्रूस मॅक्लारेन यांचे वडील गॅरेज चालवीत. त्यांनी ऑस्टिन सेव्हनच्या ‘अल्स्टर’ या शर्यतीच्या प्रकारची एक गाडी सुट्या तुकड्यांत विकत घेऊन उभी केली. १९५२ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, ब्रूस तिच्यातूनच आपल्या पहिल्या स्पर्धेत उतरले. १९६३ मध्ये त्यांनी स्थापन केलेला संघ आजही शर्यतींत आहे.

या तीन उदाहरणांवरून एक गोष्ट सिद्ध होते. ‘स्पेशल’ ही श्रीमंतांच्या स्पोर्ट्‌स मोटारीची गरिबाने केलेली नक्कल होती, हा समज एकांगी आहे. प्रारंभी तसे असेलही. परंतु तिच्यातूनच पुढील पिढीच्या मोटारीची रचना सिद्ध झाली. नंतर स्वस्त स्पोर्ट्‌स मोटारी कारखान्यांतूनच मिळू लागल्या (१९५८ ची ऑस्टिन-हीली स्प्राइट हे उदाहरण पुरे), १९६० पासून इंग्लंडमध्ये जुन्या गाड्यांची सक्तीची तपासणी सुरू झाली, आणि हा उद्योग ओसरला.

५

उद्योग ओसरला तरी गाड्या राहिल्या, आणि त्यांच्याबरोबर प्रश्न राहिला: अशी गाडी कोणती गाडी म्हणावयाची?

हा प्रश्न भारतीय विचारास नवा नाही. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला त्याच्या रथाविषयी विचारतो. आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, दांडी म्हणजे रथ काय, अशी एकेक अंगे घेऊन तो राजाकडून नकार वदवितो आणि ‘रथ’ ही सर्व अंगांच्या योगाने प्रचारात आलेली केवळ संज्ञा आहे, असे दाखवितो. तत्त्वज्ञानाला येथे थांबता येते. व्यवहाराला थांबता येत नाही. कारण गाडी विकावयाची असते, नोंदवावयाची असते आणि संग्रहालयात तिच्यापुढे पाटी लावावयाची असते.

१९९० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयापुढे असा एक दावा आला. बेंटले कंपनीच्या ‘स्पीड सिक्स’ नमुन्याची, ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने प्रसिद्ध असलेली एक गाडी १९२९ व १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. पुढे तिच्यात वारंवार फेरफार झाले. १९३२ मध्ये ब्रुकलंड्स येथे तिला अधिक मोठे इंजिन बसविलेले असताना अपघात होऊन चालक मृत्यू पावला. त्यानंतर ती नव्या अंगाने पुन्हा बांधली गेली. ही गाडी सुमारे १ कोटी पौंडांस विकण्याचा करार झाला, आणि ती ‘खरी’ गाडी नव्हे असे म्हणून खरेदीदाराने माघार घेतली. तपासात असे निष्पन्न झाले की १९२९ च्या विजयी गाडीचे निश्चित म्हणता येईल असे काहीच उरलेले नव्हते, आणि १९३० च्या गाडीचे मोजके किरकोळ भागच शिल्लक होते. तरीही निर्णय विक्रेत्याच्या बाजूने लागला. न्यायाधीशांच्या विवेचनाचा आशय असा की, सर्व भाग तेच नसल्याने तिला मूळ स्थितीतील गाडी म्हणता येणार नाही. परंतु ती कधीही नष्ट होऊन पुन्हा नव्याने निर्माण झाली नाही, टप्प्याटप्प्याने बदलत गेली, आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी अस्तित्वात नाही. म्हणून ती प्रमाणभूत ‘ओल्ड नंबर वन’ होय. एकरूपता द्रव्यात नसून अखंड इतिहासात आहे, असा हा निवाडा आहे.

ब्रिटिश सरकारच्या वाहननोंदणी खात्याने निराळा मार्ग धरला होता. त्याच्या दीर्घकाळ चाललेल्या पद्धतीत, आमूलाग्र बदललेल्या गाडीचा जुना क्रमांक राखावयाचा तर निदान ८ गुण मिळावे लागत. सांगाड्यास ५ गुण. टांगणी, आसा, गतिपेटी व सुकाणू यांना प्रत्येकी २. आणि इंजिनास केवळ १. सामान्य माणूस इंजिनास गाडीचा प्राण समजतो. नोंदणी खात्याने त्यास सर्वांत कमी मोल दिले. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला याचे आश्चर्य वाटू नये. सतराव्या शतकातील मराठी दप्तरांत फारसी शब्दांची एवढी दाटी आहे की काही वाक्यांत मराठी नाम शोधावे लागते. तरीही विभक्तीचे प्रत्यय आणि क्रियापदांची रूपे मराठी असल्याने ती भाषा मराठीच, याविषयी कोणी शंका घेत नाही. शब्द बदलतात, सांगाडा टिकतो. वंश ठरतो तो सांगाड्यावरून.

मात्र ही तुलना ताणता कामा नये. भाषेचा सांगाडा कोणी विकत घेऊन दुसरीकडे बसवू शकत नाही. मोटारीचा बसवता येतो. एका नोंदणीचा कागद, एक क्रमांक ठोकलेली पट्टी आणि बाकी सर्व नवे, अशा गाड्या ‘मूळ’ म्हणून पुढे करता येतात. म्हणूनच न्यायालयाची कसोटी अधिक सूक्ष्म ठरते. ती कागदपत्रांचा, साक्षींचा व फेरबदलांच्या क्रमाचा पुरावा मागते.

६

या विवेचनाचा प्रत्यक्ष परिणाम कोठे होतो, हे सांगून लेख संपवितो. जुन्या गाड्यांना मोल आले तसे त्यांना ‘मूळ रूप’ देण्याचे प्रयत्न वाढले. १९५० च्या सुमारास कोणा होतकरू तरुणाने हातांनी घडविलेले अंग काढून टाकून त्या सांगाड्यावर १९३० च्या कारखान्याबरहुकूम नवे अंग चढविले जाते. उलटपक्षी, चांगल्या स्थितीतील साध्या घरगुती गाडीचे अंग फेकून देऊन तिची शर्यतीच्या प्रकारात प्रतिकृती केली जाते. दोन्ही प्रकारांत गाडी सुंदर होते आणि एक पुरावा कायमचा नष्ट होतो. चॅपमन यांच्या पहिल्या गाडीत आज कोणी कारखान्याचे मूळ अंग शोधू लागला तर आपण त्यास हसू. परंतु ज्याचे नाव पुढे झाले नाही अशा कारागिराच्या गाडीची तीच गत होते, तेव्हा कोणी हसत नाही.

पाठचिकित्सेच्या शास्त्रात यावर मार्ग आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत संपादकांनी उत्तरकालीन ठरविलेले श्लोक संहितेतून वगळले, पण नष्ट केले नाहीत. ते तळटीपांत व परिशिष्टांत, कोणत्या पोथ्यांत आढळतात त्या नोंदीसह, जतन केले. प्रक्षेप हा मूळ ग्रंथाचा भाग नसतो. परंतु ज्या काळाने, ज्या प्रदेशाने तो घातला, त्याचा तो मूळ पुरावाच असतो.

मोटारीच्या जीर्णोद्धारात हीच शिस्त हवी. गाडीतील कोणता भाग कोणत्या काळचा, तो कोठून आला, कोणी व का बदलला, याची नोंद गाडीबरोबर असावी. आणि जो भाग काढावाच लागेल तो टाकून न देता ठेवावा. काही बदल काढणे सुरक्षिततेसाठी आवश्यक असेल, हे मान्य करूनही हा नियम पाळता येतो. ‘स्पेशल’ घडविणाऱ्यांनी दुसऱ्यांनी मोडीत काढलेल्या भागांत उपयोग पाहिला. त्यांच्या स्वतःच्या कामास आपण मोडीत काढू नये, एवढी अपेक्षा इतिहासाच्या अभ्यासकाने बाळगणे अवाजवी नाही.